खळ्यावरची चंगळ

आठवीच्या वर्गाला मी दरवर्षी 'चंगळ' या शब्दावर वाक्य करायला सांगते. मुरबाडला शाळेत मराठी शिकवायला लागल्यापासूनची ही माझी खोड आहे. पोरांची वाक्यं ठरलेली असतात. म्हशाच्या जत्रेत आमची चंगळ झाली, मामाकडे आंब्यांची चंगळ असते, असली. एखादा हुशार पोरगा वर्तमानपत्रातून उचलून 'आजची पिढी चंगळवादी झाली आहे' असं लिहितो, आणि मला वाटतं, याला आधी कुणीतरी पोटभर जेवू घातलं पाहिजे. उधळपट्टी, बडेजाव, डामडौल हे या शब्दाचे चुलतभाऊ. पण ते करणाऱ्याला चिकटतात, आणि त्याला नावं ठेवायला लोक टपलेलेच असतात. चंगळ मात्र बहुतेक वेळा ज्याला मिळते त्याच्याच तोंडी असते. आमच्या वर्गात ती शेवटच्या बाकावरून जास्त ऐकू येते.

माझ्या आईच्या तोंडी हा शब्द वर्षातून मोजके दिवस यायचा, लग्नसराईत. आमचं गाव शेणव्याच्या बाजूला. वडील गेले तेव्हा मी शाळेत होते आणि भाऊ कडेवरचा. दोन खाचरांचा भात, चार शेळ्या आणि दुसऱ्यांच्या शेतावरची मजुरी एवढ्यावर आईने आम्हाला वाढवलं. मटण आम्हाला माहीत होतं ते लोकांच्या हळदीतलं. आमच्याकडे हळदीचं आमंत्रण दोन तऱ्हेचं असे. एक 'घरटी एक', म्हणजे घरातून एका माणसाने जाऊन यायचं. दुसरं 'चूलबंद'. चूलबंद म्हणजे त्या घराने त्या दिवशी चूल पेटवायचीच नाही. म्हातारी, तान्ही, आलेला पाहुणा, सगळ्यांनी लग्नघरी जेवायचं, आणि ज्याला उठवत नाही त्याचं ताट त्याच्या घरी पोचवायचं. गावाला चूलबंद घातलं की त्या घरमालकाने गावासाठी करायचं ते केलं, असं धरतात.

आई अशा हळदीला सकाळीच जायची. तांदूळ निवडायची, भाकऱ्या थापायची आणि सगळे पांगल्यावर टोप घासायला थांबायची. परत येताना भाऊ तिच्या खांद्यावर झोपलेला असे आणि ती बांधावरून चालता चालता म्हणे, "आज चंगळ झाली गो." तिच्या आवाजात लाज नसे, हावरेपणाही नसे. एखाद्याने सांगावं की आज ऊन बरं पडलं होतं, तसं ती ते सांगायची. मी कॉलेजात गेल्यावर एकदा शहाणपणाने तिला म्हटलं होतं, की तू एवढं राबतेस त्यांच्याकडे, म्हणजे खाल्ल्याचं फिटलंच की. ती म्हणाली, काम केलं ते गावाचं केलं. खाल्लेलं खाऊ घालूनच फिटतं.

माझ्या लग्नात ते फिटायचं होतं, पण आजी नुकतीच गेली होती. वर्षाच्या आत उरकायचं म्हणून घरच्या चार माणसांत हळद लावली आणि मुरबाडला सासरच्या दारात अक्षता पडल्या. पुढे भावाचं लग्न ठरायच्या कितीतरी आधी आईने दोन बोकड वेगळे बांधायला सुरुवात केली. त्यांना पाला आणायला ती स्वतः रानात जायची. कुणी विकतेस का म्हणून विचारलं तर ऐकू न आल्यासारखं करायची. ते कशासाठी आहेत हे सगळ्या गावाला ठाऊक होतं.

मधल्या काळात गावातल्या हळदी बदलल्या होत्या, हेही सांगायला हवं. ज्यांच्या जमिनी रस्त्यात गेल्या त्यांनी सुरुवात केली आणि ज्यांच्या गेल्या नाहीत त्यांनी ईर्ष्या धरली. मांडवाच्या जागी लोखंडी कमानी आल्या. भावकीला एकसारखे छापील सदरे, बायकांना एकसारख्या साड्या, वरून फोटो काढणारं ते गुणगुणतं यंत्र, आणि ज्याच्या आवाजाने कौलं सरकतात असा डीजे. एका हळदीत शेजारच्या घरातली बाळंतीण पोर घेऊन माहेरी पळाली. त्यानंतरच्या पावसाळ्यात गावकीची बैठक बसली आणि नेम झाला. डीजे नाही, मानपानाच्या साड्या नाहीत, हळदीला मटण नाही, आमंत्रण घरटी एक. जो मोडील त्याच्या लग्नाला गाव जाणार नाही. देवळाच्या भिंतीवर रंगाने लिहिलं, 'हळदीतली चंगळ बंद', आणि खाली साखरपुडा, बारसं, वाढदिवस यांनाही हाच नेम लावला. मराठीची शिक्षिका म्हणून तो शब्द मला खटकला. त्यांना उधळपट्टी बंद करायची होती आणि त्यांनी बंद केली चंगळ. पण नेम चांगला होता. मी गावात असते तर मीही हात वर केला असता.

हा नेम माझ्या मोठ्या काकांनी पुढे होऊन करवला होता. ते वडिलांचे थोरले चुलतभाऊ. गावकीत त्यांचा शब्द चालतो, कारण ते कमी बोलतात आणि बोललेलं स्वतः पाळतात. आमच्याकडे थोरला दीर धाकट्या भावाच्या बायकोशी थेट बोलत नाही. मध्ये एखादं माणूस ठेवून बोलतो, आणि माणूस नसलं तर मांजराला उद्देशून बोलतो. आईचं आणि मोठ्या काकांचं इतक्या वर्षांचं बोलणं माझ्यातून नाहीतर भावातून गेलेलं आहे.

गणपतीत भावाचं लग्न ठरलं, टोकावड्याच्या बाजूची मुलगी. लग्न तुळशीच्या लग्नानंतर धरलं. त्या दोघांनी बदलापूरला खोली बघून ठेवली होती. भावाला हळदीत मटण असलं काय, नसलं काय, सारखंच. त्याला फक्त फोटो बरे यायला हवे होते. आई मात्र मला बरोबर घेऊन मोठ्या काकांच्या ओटीवर गेली. ती खाली पायरीवर बसली, मी त्यांच्यासमोर बसले, आणि बोलणं नेहमीप्रमाणे माझ्याकडे बघून सुरू झालं.

आईने सांगितलं की डीजे नको, साड्या नकोत, कमान नको. नुसती एकदा चूलबंद करू द्यावी, बोकड घरचेच आहेत. मोठ्या काकांनी अडकित्त्याने सुपारी कातरली. मग मला म्हणाले, आज तुमच्याकडे घरचे बोकड आहेत म्हणून सोडलं, तर उद्या दुसरा म्हणेल माझ्याकडे घरचा पैसा आहे. त्यांचं खोटं नव्हतं.

"नेम चांगलाच हाय," आई पायरीवरून म्हणाली. "त्यांच्या तिघा पोरांच्या हळदी झाल्या, सगळ्या गावाच्या झाल्या. माझी पाळी आली नि गाव शाणा झाला. माझ्या घरात आता दुसरं लगीन नाय."

मोठे काका अडकित्ता ठेवून उठले. "आयशीला सांग, कुणापासून तरी सुरवात होणारच," असं म्हणून ते आत गेले. त्यांचा चेहरा काही खूश नव्हता. आत त्यांची बायको, माझी मोठी काकू, दोन वर्षं अंथरुणावर होती. आई तिला भेटायला आत गेली तेव्हा काकूने तिचा हात धरून ठेवला होता, असं तिने मला नंतर सांगितलं.

हळद नेमाप्रमाणे झाली. घरटी एक माणूस आला. वरण, भात आणि बटाट्याची भाजी. आई पंक्तीतून वाढत फिरली आणि लोक घाईने जेवले. पुरुषमाणसं चुळा भरून लगेच उठली, कारण बसून राहायला काही नव्हतं. गोठ्यात दोन बोकड ओरडत होते आणि पंक्तीतला प्रत्येक जण ते ऐकत होता. लग्न झालं, सून आली, देवदर्शनं झाली आणि दोघं बदलापूरला गेली. भावाने जाताना बोकडांसाठी गिऱ्हाईक बघतो म्हटलं, तर आई म्हणाली, बघू.

त्यानंतर गावात एक नवीन विषय सुरू झाला. सगळ्यांची भातं कधीच झोडून झाली होती. हल्ली मळणीयंत्र येतं आणि चहा होईपर्यंत खळं मोकळं करून जातं. आईचे भारे मात्र रचलेले तसेच पडून होते. दोन खाचरांचे भारे ते किती असणार, पण तिने यंत्रवाल्याला परत पाठवलं. मध्येच आभाळ आलं आणि थोडा शिडकावा झाला, तेव्हा तिने ते ताडपत्रीने झाकले आणि कडेला दगड ठेवले. शेजारीण मला फोन करून म्हणाली, तुझ्या आईच्या डोक्यावर परिणाम झालाय, उंदरांची सोय करून ठेवलीय तिने. मी रविवारी गावी जाऊन आईला विचारलं. ती सूप शिवत होती. मान वर न करता म्हणाली, "झोडणीला माणसं बोलावायची हायत."

मला कळायला जरा वेळ लागला. घरचं काम उरकत नसेल तर गावाला हाताखाली बोलवायचं आणि जो कामाला येईल त्याला पोटभर जेवू घालायचं, ही आमच्याकडची जुनी रीत. पुस्तकांतून तिला इर्जिक म्हणतात. आमच्याकडे तिला वेगळं नावच नाही. अमक्याकडं झोडणीला बोलवलंय, एवढंच. देवळाच्या भिंतीवर हळद होती, साखरपुडा होता, बारसं आणि वाढदिवससुद्धा होते. झोडणी नव्हती. ती कोण लिहिणार? यंत्र आल्यापासून माणसं बोलवायची कुणाला गरजच पडली नव्हती. मी हसायला लागले ते थांबेना, आणि आई गंभीरपणे सूप शिवत राहिली.

आमंत्रणाला मी तिच्याबरोबर हिंडले. प्रत्येक दारात ती एकच बोलायची, आमच्या खळ्यावर झोडणी आहे, पोरंबाळं घेऊन या आणि चुलीला हात लावू नका. लोक आधी गोंधळायचे, मग त्यांच्या लक्षात यायचं, मग हसायचे. एक बाई म्हणाली, एवढ्याशा भाताला सगळा गाव? आई म्हणाली, भात जड आलाय औंदा. वरच्या ठाकूरवाडीलाही ती स्वतः चढून गेली. लावणीला ज्यांनी तिच्या शेजारी वाकून काम केलं होतं, त्या बायका तिथल्या. ती म्हणाली, चूलबंद गावाची असली तरी वाडीचं पोट काय वेगळं असतं का?

मोठ्या काकांच्या दारात आम्ही शेवटी गेलो. ते ओटीवरच होते. आईने आमंत्रण केलं, माझ्याकडे बघून. ते 'बरं' म्हणाले नाहीत आणि 'नाही'ही म्हणाले नाहीत. त्यांना सगळं समजलं होतं. नेम तुटला नव्हता, पण त्याला कुणीतरी खळ्यावरून वळसा घालून गेलं होतं. परत येताना आई पहिल्यांदा घाबरलेली दिसली. एक घर जरी सुटलं तरी चूलबंद होत नाही, आणि सुटणारं घर तिच्याच भावकीतलं थोरलं घर होतं.

झोडणीच्या दिवशी सकाळपासून माणसं येऊ लागली. खळं आईने शेणाने सारवून लखलखीत केलं होतं. भारे आणि माणसं यांचा काही मेळच नव्हता. एक भारा झोडायला चार-चार जण, आणि बाकीचे आपली पाळी येईपर्यंत सल्ले द्यायला. असा झोड, तसा झोड, फळी तिरकी धर. ज्यांच्या हाताने कित्येक वर्षांत भात झोडला नव्हता ते कंपनीत जाणारे लोकही शर्ट काढून उतरले आणि दोन फटक्यांत दम लागून बाजूला झाले. बायकांनी पाखडायला सुपं घेतली तर पाखडायला दाणे पुरेनात. पेंढ्यावर पोरं लोळत होती. ठाकूरवाडीच्या म्हाताऱ्यांनी येताना करटुल्याच्या वेलीचं बी आणलं होतं, आईला लावायला. भाऊ आणि नवी सून बदलापूरहून आली होती, आणि सुनेला ही कसली रीत हे कळत नसूनही ती भाकऱ्या भाजायला बसली होती. ऊन डोक्यावर यायच्या आत भात झोडून, पाखडून, कणग्यात गेला.

मग पंगती बसल्या. खळ्यावर, बांधावर, गोठ्याच्या सावलीत. मटणाचा रस्सा, तांदळाच्या भाकऱ्या, भात, कांदा. आईने हात आखडला नाही. नको म्हणणाऱ्याच्या ताटातही ती वाढत होती आणि वाढून झाल्यावर परत विचारत होती. मला मनातून भीती वाटत होती की पुरेल का, आणि तिला भीती वाटत होती की उरेल का नाही. उरलं पाहिजे, असं तिचं म्हणणं. पंगतीतून उठणारी बाई, पोरगं, म्हातारा, जो तो हात धुता धुता एकच शब्द बोलत होता. आई ते ऐकत होती आणि तोंड फिरवून टोपात पळी घालत होती. तिला असं बघितल्याचं मला आठवत नाही. इतकी वर्षं ती दुसऱ्यांच्या घरून निघताना जे म्हणत आली, ते आज तिच्या दारात लोक म्हणत होते.

पण दर थोड्या वेळाने ती रस्त्याकडे बघत होती. मोठे काका आले नव्हते. त्यांचे मुलगे मुंबईकडे असतात, त्यामुळे घरात ते, अंथरुणाला खिळलेली काकू आणि सकाळ-संध्याकाळ येणारी एक बाई. मी म्हटलं, ताट पोचवून येऊ का? आई नको म्हणाली. आधी माणूस यायला हवं, न आलेल्याच्या घरी ताट पाठवणं म्हणजे भीक घातल्यासारखं.

ऊन कलायला लागलं. ठाकूरवाडीची माणसं डोक्यावर टोपल्या घेऊन निघाली. खळं रिकामं झालं, आणि तेव्हा मोठे काका आले. धोतर खोचलेलं, डोक्याला टॉवेल गुंडाळलेला. एरवी त्यांच्या हातात काठी असते, आज नव्हती. खळ्याच्या कडेला उभे राहून त्यांनी झाडून साफ झालेली जमीन बघितली आणि मला विचारलं, "झोडायला काय उरलंय का?"

काही उरलं नव्हतं, आणि ते मला सांगायचं होतं. काम न करता जेवले असते तर ते झोडणीचं जेवण झालं नसतं. त्यांच्याच नेमात ते बसलं नसतं आणि मोठे काका पंगतीला बसलेही नसते. मी आईकडे बघितलं तर ती तिथे नव्हती. ती घराच्या मागून येत होती, आणि तिच्या डोक्यावर एक भारा होता. सकाळी सगळे यायच्या आधीच तिने तो बाजूला काढून ठेवला होता. तिने तो त्यांच्यासमोर उतरवला आणि दोन पावलं मागे सरली.

मोठ्या काकांनी भाऱ्याकडे बघितलं. मग फळी ओढून घेतली, मूठ उचलली आणि झोडायला लागले. म्हाताऱ्या हाताचे फटके, पण वळण जुनं. कुणी हात लावायला पुढे झालं नाही. दाणे पडत राहिले. शेवटची मूठ झोडून झाल्यावर त्यांनी पेंढा बांधून नीट बाजूला ठेवला, हातपाय धुतले आणि खळ्यावर मांडी घालून बसले.

आईने वाढलं. ते सावकाश जेवले. भाकरी मागून घेतली, रस्सा मागून घेतला. आई टोपाशी उभी होती आणि मी त्या दोघांच्या मध्ये बसले होते, नेहमीसारखी. हात धुऊन झाल्यावर त्यांनी टॉवेलने तोंड पुसलं आणि माझ्याकडे बघितलं.

"आयशीला सांग," ते म्हणाले, "काकूचं बांधून दे. सकाळपास्नं चूल नाय पेटवली आमी."

आईने ते थेट ऐकलं होतं, मी काही सांगायची गरज नव्हती. तिने डबा घेतला आणि भरायला बसली. रस्सा डब्याबाहेर सांडू लागला तेव्हा मी पळी तिच्या हातातून घेतली आणि उरलेला डबा मी भरला.